सिस्टरला विचारा : रिलिव्हर कुठे आहे?

या महिन्याचा पत्रांचा गठ्ठा उघडला तर बहुतेक पत्रं रुग्णाबद्दल नव्हतीच. ती रुग्णापाशी बसलेल्या माणसाबद्दल होती. म्हणून गुडघे, ॲसिडिटी आणि साखरेचे प्रश्न पुढच्या अंकात. मी ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी एवढंच : एकतीस वर्षं सरकारी रुग्णालयात सिस्टर होते, त्यातली बरीच मेडिसिन वॉर्डात. घरी सासूबाईंची नऊ वर्षं केली. शेवटची सहा वर्षं त्या अंथरुणालाच खिळून होत्या. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : सिस्टर, मी नाशिकला सिडकोत राहते, वय ४६. सासरे प्रेसमधून निवृत्त. तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं. मिस्टर अंबडला कंपनीत, कधी फर्स्ट, कधी सेकंड, कधी नाईट. मुलगा बारावीला. दीर गंगापूर रोडला राहतात. दर रविवारी सहकुटुंब येतात, पपई आणतात आणि जाताना 'वहिनी, नानांना जरा उन्हात बसवत जा' असं सांगून जातात. नणंद पुण्याला, ती रोज व्हिडिओ कॉल करते. नानांना धरून बाथरूमपर्यंत मीच नेते, माझी कंबर पार गेली आहे. गेल्या मंगळवारी तिसऱ्यांदा चादर बदलत होते, तेव्हा नानांनी डाव्या हाताने माझी ओढणी धरली, सोडेचनात. मी हात जोरात झटकला. तो कॉटच्या दांडीला लागून काळानिळा पडला. कोणाला सांगितलं नाही. दीर विचारतील म्हणून रविवारी त्यांना फुलशर्ट घातला. मी वाईट बाई आहे का?

उत्तर : ताई, आधी हात बघा. झटक्यानंतर बहुतेकांना रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे मार थोडा आणि डाग मोठा असं होतं. सूज आहे का, बोटं नेहमीसारखी हलतात का, दाबलं की नाना कळवळतात का? यातलं काही असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा आणि कसं लागलं ते खरं सांगा. 'पडले' म्हणालात तर ते बिचारे डोक्याचा सीटी स्कॅन लिहून देतील. आणि तो फुलशर्ट काढा. हाताच्या डागापेक्षा शर्टच तुम्हाला जास्त छळतोय.

वाईट आहात का? नाही. पण एवढ्यावर मी तुम्हाला सोडणार नाही. एकदा झटकलेला हात हा थकवा असतो. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा झटकला की त्याची सवय होते, आणि नाना बोलू शकत नाहीत. त्यांची तक्रार कोणाकडे जाणार नाही. म्हणून आज रात्री मिस्टरांना हे सगळं सांगा, डागासकट. पुन्हा तशी वेळ आली तर कॉटचा कठडा वर करा, गॅस बंद आहे का बघा आणि जिन्यात जाऊन उभ्या राहा. ओली चादर दहा मिनिटं ओली राहिल्याने नानांना काही होत नाही. रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. रुग्णानेच फोन करायला हवा असं काही नाही.

आता मुद्द्याचं. तुमच्या पत्रात मिस्टरांच्या तिन्ही शिफ्ट लिहिल्या आहेत. तुमची कोणती? अंबडला रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आला नाही तर काय होतं, ते तुमच्या घरात सगळ्यांना पाठ असेल. मशीनवरचा माणूस सुपरवायझरला गाठतो, डबल ड्युटी पडली तर ओव्हरटाइम लावून घेतो. वॉर्डात आमचंही तेच. आठ तास झाले की दुसरी सिस्टर यायची. तिला आम्ही कॉटमागून कॉट ओव्हर द्यायचो, 'तीन नंबरला सकाळपासून लघवी नाही, सात नंबर घाबरलाय, अकरा नंबरची सलाईन दहा वाजता संपेल', आणि चपला घालून घरी. एकतीस वर्षं माझा समज होता की मी फार सोशिक आहे. सासूबाई पडल्या आणि चार महिन्यांत कळलं, सोशिक मी नव्हतेच, ड्युटी आठ तासांची होती.

तेव्हा मी काय करायचे ते सांगते, हसू नका. न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे आणि पालथ्या बादलीवर नुसती बसून राहायचे. धुणं नाही, अंघोळ नाही. नळाचा आवाज चालू असला की कोणी हाक मारत नाही. गंगापूर धरणाचं किती पाणी मी असं वाहू दिलं असेल, देव जाणे. एकदा मुलाने दार वाजवलं, 'आई, काय करतेस?' मी म्हटलं, 'बसलेय.' बराच वेळ तो दाराबाहेर उभा होता. त्या दिवशी आजीला त्याने पहिल्यांदा भरवलं. तोपर्यंत मी कोणाला काही मागितलंच नव्हतं, हेही खरं.

दिरांकडे मदत मागू नका. मदत मागितली की पपई येते. तास मागा. 'भाऊजी, दर बुधवारी संध्याकाळी पाच ते आठ आणि रविवारी सकाळी नऊ ते बारा नाना तुमच्याकडे. मी घरात नसेन.' हे शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही घरात असलात तर ते पंख्याखाली बसून 'वहिनी, नाना काहीतरी म्हणतायत' म्हणत राहतील. पहिले दोन बुधवार समोर उभं राहून शिकवा, तिसऱ्या बुधवारी बाहेर पडा. डायपर वाकडा लागेल. लागू द्या. नणंदेला व्हिडिओ कॉलऐवजी काम द्या : गोळ्या संपायच्या आत मागवणं, डॉक्टरांची वेळ घेणं, फिजिओथेरपिस्टचे पैसे, आणि महिन्यातला एक शनिवार-रविवार इथे येऊन राहणं. पुणं म्हणजे काही लंडन नाही.

एक शंभर पानी वही आणा आणि दोरीने कॉटला बांधा. कोणती गोळी किती वाजता, लघवी-शौच कधी, किती खाल्लं, रडले का, चिडले का. ही तुमची ओव्हरची वही. तिचा खरा फायदा दोन महिन्यांनी दिसतो. कोणत्या पानावर कोणाचं अक्षर आहे ते न भांडता सगळ्यांना वाचता येतं.

कंबरेसाठी : नानांना कधीही उजव्या हाताला किंवा बगलेत धरून ओढू नका. लुळ्या बाजूचा खांदा निखळायला वेळ लागत नाही, आणि तुमचा मणका वेगळाच. खुर्ची त्यांच्या चांगल्या, म्हणजे डाव्या बाजूला, कॉटला चिकटून तिरकी ठेवा. चाकाची असेल तर ब्रेक लावा. त्यांचे पाय जमिनीला पूर्ण टेकले आहेत ना ते बघा. मग स्वतःचे गुडघे वाकवून, त्यांच्या अंगाशी जवळ राहून, कंबरेभोवती धरून 'एक, दोन, तीन'ला उठवा. वाकून कंबरेतून उचलायचं नाही. कॉटवर वर सरकवताना दोघांनी ड्रॉ शीट धरायची : खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी दुहेरी चादर. बारावीतल्या मुलाला दुसऱ्या बाजूने ती धरता येते, अभ्यासाचं नुकसान दोन मिनिटांचं. बाथरूमपर्यंत चालवत नेणं मात्र बंद करा आणि कमोडची खुर्ची कॉटजवळ आणा. जेवणानंतर अर्ध्या तासात पोटाला आपोआप चालना मिळते, रोज त्याच वेळेला बसवा. दिवसा दर दोन तासांनी युरिन पॉट लावा, मागितला नाही तरी. पंधरा-वीस दिवसांत चादरी निम्म्यावर येतात असा माझा अनुभव आहे. नवी खुर्ची लगेच घेऊ नका. अनामत ठेवून रुग्णोपयोगी साहित्य देणारी केंद्रं शहरात आहेत, तिथे आधी विचारा.

आणखी एक शंका मला येते. नानांनी ओढणी धरली ती कदाचित 'थांब' म्हणायला असेल. झटका आलेल्या साधारण तिघांतल्या एकाला नंतर नैराश्य येतं. बोलता येत नसलं की ते चिडण्यातून, पकडून ठेवण्यातून बाहेर पडतं. त्यावर उपचार आहेत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना 'त्रास देतात' म्हणू नका, 'उदास वाटतात का बघा' म्हणा.

पैसे. नानांना पेन्शन आहे ना? मग दुपारची चार तासांची मावशी किंवा मामा त्यांच्या पेन्शनीतून लावा. घरोघरी मी बघते, म्हाताऱ्यांची पेन्शन 'पुढे लागेल' म्हणून शिल्लक पडते आणि सून औषधांच्या पिशव्या उचलत असते. 'पुढे' म्हणजे हेच. रुग्णाजवळ माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोकडून माणूस घेताना आधारकार्डाची प्रत, सुट्टीच्या दिवशी बदली माणूस कोण येणार आणि कामात काय काय धरलंय, हे लिहून घ्या. नाना सत्तरीच्या पुढचे असतील तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. पण ते रुग्णालयात भरती झाल्यावरचे. घरच्या मावशीचा पगार कोणत्याही कार्डात बसत नाही.

कायद्याचंही सांगून ठेवते, भांडणासाठी नव्हे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा जबाबदारी टाकतो ती मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांच्यावर. त्या यादीत सून नाही. प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च लावता येतो. तुम्हाला तिथे जायची गरज पडणार नाही. पण बुधवारचे तास मागताना आवाज खाली ठेवायचंही कारण नाही.

तुमचं बीपी शेवटचं कधी बघितलं? पत्रात नाही, म्हणजे बघितलेलं नाही. तिशीच्या पुढच्यांची बीपी-साखरेची तपासणी सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात मोफत होते. पहिल्या बुधवारी तिथेच जा. दुसऱ्या बुधवारी कुठेही जा.

प्रश्न : मी ६९ वर्षांचा, जेलरोडला राहतो. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. चार वर्षांपासून तिला डिमेन्शिया आहे. दिवसभर बरी असते, पण दिवेलागण झाली की 'मला घरी सोडा, आई वाट बघत असेल' सुरू होतं. तिचं माहेर येवल्याचं, आईला जाऊन तीस वर्षं झाली. मी समजावतो, ती चिडते, 'तुम्ही कोण?' विचारते. महिन्यापूर्वी दार उघडं राहिलं आणि ती थेट मुक्तिधाम मंदिराजवळ सापडली. एका भल्या रिक्षावाल्याने आणून सोडलं. अंघोळ, साडी, वेणी मीच करतो. सगळे म्हणतात, 'ग्रेट आहात तुम्ही.' मुलगी परदेशात. रात्री मला झोप नाही. पेन्शनचं खातं तिच्या एकटीच्या नावावर, आणि सही आता जमत नाही.

उत्तर : भाऊ, संध्याकाळचा हा प्रकार डॉक्टरांच्या ओळखीचा आहे. उजेड उतरतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा असतो, आणि मेंदूला जागेचा ठाव लागत नाही. 'घरी जायचं' म्हणजे येवल्याला जायचं असं नाही. जिथे सगळं ओळखीचं होतं तिथे जायचं. आई वारली हे तुम्ही रोज सांगता, तेव्हा ती बातमी बाईंना रोज नव्याने कळते. नका सांगू. 'येवल्याच्या घरी कोण कोण आहे?' असं विचारा. पैठणीवर आणा, शाळेवर आणा. यात खोटेपणा वाटत असेल तर खोटं बोलू नका, नुसतं विचारत राहा.

साडेपाचच्या आत घरातले सगळे दिवे लावा, पडदे ओढा. चहा चारच्या पुढे नको. पाचला एक फेरी मारून या. आणि एक प्रयोग करून बघा : जुन्या वह्या आणि लाल पेन. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त बाईंना संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा तपासायला दिला की तास-दीड तास घर शांत असायचं. प्रत्येक पानावर बरोबरची खूण आणि खाली सही. तुमच्याकडे सही जमत नाही म्हणता, पण लाल पेनाने कदाचित जमेल. ती सही बँकेत चालणार नाही हे वेगळं.

एक मात्र लक्षात ठेवा. एखाद्या दिवशी गोंधळ एकदम वाढला, एका-दोन दिवसांत माणूस बदललं, तर 'आजार वाढला' म्हणून बसू नका. वृद्धांमध्ये लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, नवी सुरू केलेली गोळी, यातलं काहीही असं करू शकतं आणि ते बरं होतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. झोपेची गोळी शेजाऱ्याच्या सल्ल्याने बिलकूल नको. रात्री तोल जाऊन खुब्याचं हाड मोडलं तर आजच्या दुप्पट काम पडेल.

दाराला कडी नेहमीच्या जागी नको, अगदी वर किंवा अगदी खाली लावा. तिथे सहसा हात जात नाही. पण बाईंना एकट्यांना आत ठेवून बाहेरून कुलूप कधीच घालू नका, दहा मिनिटांसाठीही नाही. फोन नंबर परकराच्या नेफ्याजवळ कापडी पट्टीवर शिवून टाका. पर्समधली चिठ्ठी पर्सबरोबर हरवते. अलीकडचा एक फोटो मोबाइलमध्ये वेगळा ठेवा. वॉचमन, किराणावाला आणि त्या रिक्षावाल्याच्या स्टँडवरच्या सगळ्यांना बाईंची ओळख करून द्या. लाजण्यासारखं काही नाही. देशातल्या साठीपुढच्या माणसांत शंभरात सातांहून अधिक जणांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज अभ्यासकांनी काढला आहे, म्हणजे त्या स्टँडवरच्या एखाद्याच्या घरीही असेल. २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीत रामकुंडावर न्यायचं मनात असेल तर ते आत्ताच काढून टाका. न्यायचंच तर आज-उद्या, साध्या मंगळवारी, दुपारी.

खात्याचं काम पुढे ढकलू नका. जोवर त्यांना 'हे माझं खातं, यात यांचं नाव घालायचं' एवढं कळतं, तोवर बँकेत जाऊन तुमचं नाव जोडता येईल का ते विचारा, नॉमिनी नोंदवा. त्या दिवशी त्यांना समज होती असा डॉक्टरांचा दाखला जवळ ठेवा. सही जमत नसेल तर अंगठा चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा अधिकारी असावा लागतो. कोणी 'मुखत्यारपत्र करून घ्या, झालं' म्हणालं तर तेवढ्यावर विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की आपल्याकडे साधं मुखत्यारपत्रही संपतं. मग पालकत्वासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. हयातीच्या दाखल्यासाठी बाईंना रांगेत उभं करू नका. चेहरा दाखवून मोबाइलवर होतो, नाहीतर पोस्टमन घरी येऊन करून देतो, त्याचे ७० रुपये.

आता ते 'ग्रेट'. बायकोने नवऱ्याची अशी सेवा केली तर तिला कोणी ग्रेट म्हणत नाही, तो वेगळा लेख होईल. पण तुमची अडचण मला वेगळी दिसते. तुम्हाला टाळ्या मिळतात, रिलिव्हर मिळत नाही, आणि टाळ्या मिळाल्यावर 'मी दमलोय' म्हणणं आणखी अवघड होतं. पुढच्या वेळी कोणी ग्रेट म्हणालं की लगेच विचारा, 'गुरुवारी चार ते सहा येऊन बसाल का?' दहातले सात जण घड्याळ बघतील. उरलेले तीन तुमचे. बाईंच्या शाळेतल्या सहकारी शिक्षिका, जुने विद्यार्थी, भागातला ज्येष्ठ नागरिक संघ, सगळीकडे विचारा. १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, सकाळी आठ ते रात्री आठ, आणि तुम्ही स्वतःही ज्येष्ठच आहात, हे तुमच्या पत्रात कुठेच आलं नाही. त्या दोन तासांत बँकेत जाऊ नका. झोपा.

अंघोळ घालायला एखादी मावशी मिळाली तर घ्या. तुम्हाला जमत नाही म्हणून नव्हे. 'तुम्ही कोण?' म्हणणाऱ्या बाईला अनोळखी पुरुष अंघोळ घालतोय असं त्या क्षणी वाटत असेल, म्हणून. साडीचा हट्ट सोडून समोर चेन असलेला गाऊन घ्या. सणाला साडी. वेणी मात्र तुम्हीच घाला.

प्रश्न : मी मखमलाबादची, वय २०, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. भाऊ २३ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की आई-पप्पा दिवसभर बागेत आणि मी घरी दादाजवळ. नेमक्या त्याच दिवसांत माझी परीक्षा असते. पाहुणे म्हणतात, 'हिचं लग्न झाल्यावर त्याचं कोण करणार?' दादासमोर म्हणतात.

उत्तर : पोरी, पाहुण्यांना चहा अर्धा कप दे.

छाटणीसाठी पप्पा मजूर लावतात ना? मग त्याच हिशोबात तीन आठवड्यांसाठी दादाकडे एक माणूस लावायचा. तो बागेचाच खर्च धरायचा. हे तू नको सांगूस, आईला सांगायला लाव, आणि छाटणीची तारीख ठरते त्याच दिवशी.

कागदपत्रं मात्र तू बघ, कारण घरात तेवढं वाचणारी तू आहेस. दादाचं युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, आहे का? नसेल तर ऑनलाइन अर्ज कर, तपासणी जिल्हा रुग्णालयात होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सेरेब्रल पाल्सी येते, त्यामुळे निरामय योजनेतून एक लाखापर्यंतचा आरोग्यविमा मिळू शकतो. दादा अठराच्या पुढे गेलाय. त्याला कायदेशीर पालक लागणार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करायचा असतो. आई-पप्पा धडधाकट आहेत तोवर हे करून ठेवा. अपंग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. तो उल्लेख आहे, एवढंच मी म्हणेन. तहसील कचेरीतल्या संजय गांधी निराधार योजनेची चौकशी त्याआधी कर.

आणि दादालाही विचार, त्याला दिवसभर कोण जवळ हवंय. तेवीस वर्षांच्या मुलाला सारखी बहीणच हवी असेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : आपले सदर नियमित वाचतो. पूर्वी आमच्या तिवंध्याच्या वाड्यात चार-चार आजारी म्हातारे असत, पण घरातल्या बायकांनी कधी 'थकवा' हा शब्द उच्चारला नाही. हल्ली सेवेचे तास मोजतात. आपण सुनांना बिघडवत आहात. (वय ७८, गंगापूर रोड)

उत्तर : साहेब, त्या वाड्यात रात्री म्हाताऱ्यांजवळ कोण झोपायचं ते आठवून बघा. बहुतेक वाड्यांत एक विधवा आत्या असे. तिला माहेर हेच सासर, दोन वेळचं जेवण हाच पगार. तिने 'थकवा' हा शब्द उच्चारला नाही कारण तिला विचारलंच नव्हतं कोणी. शिवाय स्वयंपाकाला एक, पाण्याला एक, म्हाताऱ्यांना एक अशा पाच-सहा बायका एका चुलीवर होत्या. म्हणजे रिलिव्हर होत्या. आता टू बीएचकेत एकटी सून आहे, आणि अर्धांगानंतर माणूस पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त वर्षं जगतो, हे चांगलंच आहे.

तास मी मोजलेले नाहीत, सरकारने मोजलेत. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरच्या माणसांचं काळजीचं काम करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. करणाऱ्या बायकांची दिवसाला १४० मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषांची ७४. यात मुलांचं करणंही धरलेलं आहे.

तुमचं वय ७८ लिहिलंय. आज ना उद्या तुमच्या कॉटजवळ कोणीतरी बसेल. ते झोप झालेलं असावं अशी माझी इच्छा आहे.

पत्र, प्रश्न नसलेलं : सिस्टर, गेल्या वर्षी सातपूरहून आईबद्दल लिहिलं होतं. आई गेली. सगळं उरकलं. कॉट परत केली, कमोडची खुर्ची आणि वॉकर अजून गॅलरीत आहेत. संध्याकाळी सहाला तिला पेज द्यायचे. आता सहा वाजले की उठून उभी राहते आणि कुठे जायचं ते कळत नाही.

उत्तर : मी वर्षभर उभी राहत होते. साडेआठला, इन्शुलिनची वेळ. रात्री दोनला कूस बदलायची वेळ असायची, त्यालाही जाग यायची. ती सवय हळूहळू जाते, पण वेळ रिकामा राहिला की लोक म्हणतात 'आता सुटलीस', आणि आपण सुटल्यासारखं तोंड करायचा प्रयत्न करतो. माझ्याकडून तो प्रयत्न व्हायचा नाही. भूक लागेनाशी झाली, दोन-तीन आठवड्यांनंतरही उठावंसं वाटेना, तर डॉक्टरांकडे जा, हे सिस्टर म्हणून सांगते.

दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी चार वाजता आमच्या ओट्यावर असंच करणारी, करून झालेली पाच-सहा माणसं जमतात. भाषण नसतं. चहा असतो आणि एकमेकांच्या नणंदा. मासिकाच्या कचेरीतून पत्ता घ्या आणि या. वॉकर राहू दे, पण कमोडची खुर्ची भंगारात देऊ नका, येताना रिक्षात घालून आणा. वर सिडकोतल्या ताईंचं पत्र वाचलंत ना. खुर्ची त्यांच्याकडे कशी पोचवायची ते मी बघते.